आटपाडीच्या माळावर वृक्षसंग्रह उभा करायचा तर

प्रश्न थोडक्यात असा: आटपाडी तालुक्यात एका शिक्षण संस्थेची दोन एकर मुरमाड माळजमीन आहे. विहीर आहे, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आवर्तनात मिळतं. तिथे शंभर देशी जाती, प्रत्येकीचं एक झाड, असं वृक्षसंग्रहालय करायचं आहे. रोपवाटिकेतून रोपं आणून मृगाच्या पावसात लावावीत आणि नावाच्या पाट्या लावाव्यात असा बेत आहे. अंतर, खड्डा आणि जाती यांबद्दल सल्ला हवा आहे.

खड्ड्याआधी शंभर या आकड्याबद्दल बोलू. दोन एकर म्हणजे 80 गुंठे, सुमारे 8,100 चौरस मीटर. जमीन साधारण चौकोनी धरली तर एक बाजू 90 मीटर. चारही बाजूंनी 5 मीटर पट्टा कुंपण आणि जाळरेषेसाठी (आग अडवणाऱ्या साफ पट्ट्यासाठी) सोडा, मधली 3 मीटरची वाट आणि रोपवाटिकेसाठी चार गुंठे वजा करा. हातात साडेपाच हजार चौरस मीटर उरतात. झाडाला त्याचा मूळचा आकार घेऊ द्यायचा तर 7 बाय 7 मीटर हे कमीत कमी अंतर. म्हणजे जागा निघतात सुमारे 110. त्यात शंभर जाती एकेक बसतील खऱ्या, पण तशी रचना मी सुचवणार नाही.

एका झाडावरून जातीबद्दल काहीही ठरवता येत नाही. ते खुरटलं तर जमीन मानवली नाही, बी वाईट होतं की मुळं पिशवीतच गुंडाळली गेली होती, हे कळायला मार्ग नसतो. ते मेलं तर ती जातच संग्रहातून जाते. शिवाय काही जातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात: टेंभुर्णी, शेमट, बिबा, महारूख, पुत्रंजीवा. यांचं एकच झाड लावलं आणि ते नर निघालं तर वीस वर्षांनीही फळ दिसणार नाही. म्हणून साध्या जातींची प्रत्येकी तीन आणि नर-मादी वेगळ्या असलेल्यांची प्रत्येकी पाच झाडं लावा. 25 जातींची तिप्पट 75, पाच जातींची पाचपट 25, अशी शंभर झाडं झाली. उरलेल्या दहा जागांत वड, पिंपरण आणि उंबर कडेच्या कोपऱ्यांवर बसवा. त्यांना शेजाऱ्यापासून 15 मीटर तरी मोकळं हवं, म्हणून एकेकाला तीन-तीन जागा जातात. म्हणजे एकूण 33 जाती. शंभराचा आग्रह असेल तर शेजारच्या दोन-तीन गावांतल्या शाळा किंवा ग्रामपंचायती सोबत घ्या आणि जाती वाटून घ्या. प्रत्येक जातीची एक जोडी दुसऱ्या गावात असली की वणव्यात किंवा दुष्काळात सगळं एकदम जात नाही.

आकड्याची भीती बाळगू नका. अमेरिकेतल्या मॉर्टन आर्बोरेटमतर्फे चालणाऱ्या आर्बनेट या मानांकनात पहिल्या पातळीला किमान 25 जाती लागतात, दुसरीला 100 आणि तिसरीला 500. सोबत लेखी आराखडा, नावानिशी पाट्या आणि जबाबदार माणूस हेही लागतं. तुमच्या 33 जाती पहिल्या पातळीत आरामात बसतात.

आता मुख्य गोष्ट. बाग आणि वृक्षसंग्रह यांत फरक पडतो तो नोंदीने. बोस्टनचं अर्नाल्ड आर्बोरेटम 1872 साली सुरू झालं. तिथे प्रत्येक झाडाला प्रवेश क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून ते बी कुठून, कधी, कोणी आणलं हे शोधता येतं. अभ्यासकाला झाडाइतकीच ही माहिती लागते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची अशी कुळकथा जवळजवळ कधीच मिळत नाही. म्हणून निम्म्याहून अधिक रोपं तरी स्वतः बी गोळा करून करा. एक वर्ष जास्त जाईल, ते जाऊ द्या.

आपल्या भागात बियाच्या गावाला किती महत्त्व आहे ते पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण-आटपाडीत तो पाचशेच्या आसपास येतो. इतक्या कमी अंतरात इतका उतार क्वचितच कुठे सापडेल. करंज पावसाळी शिराळ्याच्या ओढ्यावर आहे आणि कोरड्या जतच्या ओढ्यावरही आहे. दोन्हीकडचं बी आणून पाच-पाच झाडं शेजारी लावली आणि दहा वर्षं घेर, उंची, पालवीची तारीख मोजली, तर कोरड्या भागातलं बी कोरड्यात जास्त टिकतं का, याचं उत्तर तुमच्या आवारात मिळेल. वृक्षसंग्रहाचं खरं काम ते हेच. एका तरी जातीसाठी हे कराच. करंज किंवा बाभूळ त्याला सोपी. बाभळीत तर रामकाठी हा सरळ, झाडूसारखा वर जाणारा प्रकार शेताच्या बांधावर अजून दिसतो. त्याचं बी वेगळ्या क्रमांकाने ठेवा.

चुकीच्या जागी झाड लावण्याचा मोठा धडाही याच डोंगरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यात क्विनीनसाठी सिंकोना लावून पाहिला. चार महिने कोसळणारा पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडं, हे त्या झाडाला मानवलं नाही आणि लागवड सोडून द्यावी लागली. आटपाडीत सुरंगी, नागकेशर, सीता अशोक लावायचा मोह होईल. पाणी घालून पाच वर्षं जगतील, पण पाणी थांबलं की जातील.

तुमच्या माळासाठी साध्या जाती यांतून निवडा: हिवर, बाभूळ, खैर, शमी, हिंगणबेट, बोर, कडुनिंब, करंज, वावळ, धावडा, सालई, कांडोळ, रोहन, मेडशिंगी, पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, आपटा, काळा कुडा, गेळा, भोकर, बेल, कवठ, चिंच. खानदेशातलं अंजन इथे चांगलं येईल, जात म्हणून ते महत्त्वाचंही आहे. शिवण, बेहडा आणि जांभूळ विहिरीच्या बाजूला, खोलगट भागात. ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ नकोत, त्यांचं बी आवरत नाही. चंदन लावायचं तर खड्ड्यातच तूर आणि दीडेक मीटरवर करंज द्या, कारण चंदनाची मुळं दुसऱ्याच्या मुळांतून अन्न घेतात. चोरीचाही विचार करा.

सागरेश्वर अभयारण्य जरूर पाहून या. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं हे रान. उघड्या डोंगरावर माणसांनी लावून, राखून उभं केलेलं हे जंगल वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासामुळे झालं आणि 1985 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मुरमाड उतारावर काय तगतं हे तिथे डोळ्यांनी दिसतं. दंडोबाचा डोंगर आणि शुकाचार्यची दरीही पाहा. वनजमिनीवरचं बी मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय उचलू नका. गावाची जैवविविधता समिती असेल तर तिलाही कळवा. ओढ्याकाठची, बांधावरची आणि देवळाजवळची जुनी झाडं बियांसाठी पुरेशी असतात.

बी घेताना एका जातीचे किमान तीन ते पाच मातृवृक्ष, म्हणजे ज्यांचं बी घ्यायचं ती झाडं, निवडा, एकमेकांपासून शंभर मीटरच्या वर. जवळजवळची झाडं बहुधा एकाच आईची असतात. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या कापडी पिशवीत, आत-बाहेर चिठ्ठी घालून. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं फळ ठेवलं की दोन दिवसांत बुरशी.

बियांचं वागणं जातीगणिक वेगळं असतं आणि सगळ्यात जास्त रोपं इथेच वाया जातात. कडुनिंबाचं बी जून-जुलैत पिवळ्या निंबोळीचं घ्या, गर धुऊन सावलीत वाळवा आणि दोन आठवड्यांच्या आत पेरा. पुढे त्याची उगवण झपाट्याने घसरते. जांभळाचं तर वाळवायचंसुद्धा नाही, गर काढला की त्याच आठवड्यात पेरायचं. एका बियातून दोन-तीन कोंब आले तर जोमदार एक ठेवा. बहाव्याचं उलट: बी वर्षानुवर्षं टिकतं, पण कवचातून पाणी शिरत नाही. नेलकटरने कडेचा टवका काढा, मात्र डोळ्याच्या विरुद्ध बाजूने. मग चोवीस तास पाण्यात ठेवा. फुगलेली पेरा, न फुगलेली परत घासा. बाभूळ, खैर आणि शमीला उकळतं पाणी आचेवरून उतरवून त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच थंड होऊ द्या. आचेवर ठेवलं तर बी शिजतं. वावळाच्या चकत्या एप्रिल-मेमध्ये वाऱ्याने उडण्याआधी गोळा करून लगेच पेरा. सालईचं बी उगवतं कमी, म्हणून दसपट पेरा. अंजनाला दरवर्षी चांगलं बी येत नाही. ज्या वर्षी झाड लगडेल त्या वर्षी जास्तीचं घेऊन ठेवा.

पिशवीचं मिश्रण दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. साध्या जातींना 6 बाय 9 इंच पिशवी चालते. अंजन आणि हिवर यांचं सोटमूळ पहिल्याच महिन्यात खाली धावतं, त्यांना 12 इंच खोल पिशवी द्या नाहीतर बी थेट खड्ड्यातच टोका. बी त्याच्या जाडीच्या दीडपट खोलीवर, त्याहून खोल नको. कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली की पाणी जास्त होतंय असं समजा. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी द्या.

रोपवाटिकेतून रोपं आणावीच लागली तर नावाची खात्री आधी करा. इथे गोंधळ ठरलेले आहेत. अशोक म्हणून मिळतो तो उभट आसुपालव. आपटा म्हणून कांचन देतात. आपट्याचं पान लहान, रुंदीला जास्त आणि फूल फिकट पांढरं, तर कांचनाचं फूल मोठं आणि बहुधा गुलाबी-जांभळं. शिसव मागितली की उत्तरेकडचा शिसम मिळतो. कळंब आणि कदंब एकमेकांच्या नावाने विकले जातात. अंजन आणि महाबळेश्वरची अंजनी यांचा तर एकमेकींशी काही संबंध नाही. शंका असलेल्या रोपाला नोंदवहीत ‘ओळख बाकी’ असंच लिहा. फुलावर आलं की फांदी दाबून, वाळवून नमुना करा आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासारख्या ठिकाणी दाखवून खात्री करा.

एखादी पिशवी फाडूनही पाहा. तळाशी मुळं जिलबीसारखी फिरलेली दिसली तर तो सगळा घाणा घेऊ नका. असं झाड पाच-सात वर्षं बरं दिसतं आणि मग स्वतःच्याच मुळाने आवळलं जाऊन वाऱ्यात पडतं. थोडीच फिरली असतील तर लावताना तळाचा दोन-तीन सेंटिमीटर थर कापा आणि कडेने तीन उभ्या चिरा द्या.

आता जमीन. पाच ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्या. माती किती, मुरूम किती, चुनखडीचा पांढरा थर कुठे लागतो, ते नकाशावर लिहा. चुनखडीवर पातळ ॲसिडचे थेंब टाकले की फेस येतो. तिथे रोपांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असा लोहाच्या कमतरतेचा त्रास दिसतो. त्या भागात बोर, हिंगणबेट, कडुनिंब ठेवा. निचऱ्यासाठी खड्डा पाण्याने भरून जिरू द्या, परत भरा आणि मोजा. तासाला इंचभर उतरलं तर ठीक. चोवीस तासांनीही पाणी तसंच असेल तर खालचा कठीण थर पहारेने फोडल्याशिवाय तिथे लावू नका. मिरज, वाळवा भागातले कोणी हे वाचत असतील आणि जमीन कृष्णाकाठची क्षारपड असेल, तर आधी चर आणि निचरा, मग झाडं. तिथे करंज, अर्जुन, शिरीष अशाने सुरुवात करावी.

मुरमात खड्डा 90 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल, एप्रिलमध्ये घेऊन उन्हात तापू द्या. इथे एक चूक जवळपास सगळे करतात. मुरमातला खड्डा बाहेरून आणलेल्या काळ्या मातीने गच्च भरतात. काळी माती पाणी धरते, मुरमाची भिंत मुळांना अडवते आणि खड्ड्याची कुंडी होते. पावसात मुळं कुजतात, उन्हाळ्यात माती भेगाळून तुटतात. त्याऐवजी भिंती पहारेने खरवडा, निघालेलाच बारीक मुरूम आणि वरची माती निम्मी-निम्मी मिसळा, कुजलेलं शेणखत दोन घमेली, बस. लागवडीच्या पंधरा दिवस आधी भरून पाणी सोडा म्हणजे माती बसते. रोपाचं खोड आणि मूळ जिथे मिळतं ती जागा जमिनीच्या पातळीला ठेवा, खाली पुरू नका.

मृगात लावायची सवय पश्चिमेकडची आहे. आटपाडीत मृगाच्या दोन सरी पडतात आणि मग जुलै-ऑगस्टभर कोरडा पश्चिमेचा वारा सुटतो. इथला भरवशाचा पाऊस उत्तरा आणि हस्ताचा. हिवर, बाभूळ, कडुनिंब, करंज अशी काटक मंडळी जमीन फूटभर ओली झाल्यावर जुलैत लावा. बाकीची ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यांना परतीचा पाऊस आणि पुढे हिवाळा मिळतो, उन्हाळ्याआधी मुळं धरायला पाच-सहा महिने राहतात. बांबूची काठी पश्चिमेच्या बाजूला, सैल आठच्या आकड्यासारखा दोर, आणि दुसऱ्या वर्षी काठी काढून टाका. वाऱ्यात थोडं हललं तरच खोड जाड होतं.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. तासाला 4 लिटरचे दोन ड्रिपर अडीच तास चालवले की झाडाला 20 लिटर मिळतं. 103 झाडांना एका वेळी 2,060 लिटर. पहिल्या वर्षी हिवाळ्यात दहा दिवसांनी, मार्च ते मे पाच-सहा दिवसांनी. दुसऱ्या वर्षी 40 लिटर, पण पंधरा दिवसांनी. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, आणि नंतर बंद. रोज थोडं-थोडं पाणी दिलं तर मुळं वरच राहतात आणि टेंभूचं आवर्तन चुकलं की झाड माना टाकतं. ड्रिपर पहिल्या वर्षी खोडापासून 30 सेंटिमीटरवर, पुढे 75 वर सरकवा. हे सरकवणं बहुतेक ठिकाणी राहून जातं.

आच्छादनाला उसाचं पाचट मुबलक आहे, पण कोरडं पाचट थेट टाकलं तर मुरमाड जमिनीत वाळवी चढते. सहा महिने ढिगात अर्धवट कुजवून 10 सेंटिमीटर जाड पसरा आणि खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवा. जानेवारीआधी आवारातलं गवत कापा आणि कडेची जाळरेषा साफ करा. हे एक वर्ष चुकलं की पाच वर्षांचं काम एका दुपारी जळतं. कुंपण तारेचं आणि त्याला लागून सागरगोटा किंवा शिकेकाईची काटेरी वई. मेंढपाळांशी आधी बोलून घ्या. कापलेलं गवत त्यांना दिलं तर तेच आवाराची राखण करतात.

नोंदीची पद्धत अशी ठेवा. प्रवेश क्रमांक वर्ष, अनुक्रम आणि झाडाचं अक्षर असा: 2026-014-ब. म्हणजे 2026 मध्ये आलेला चौदावा बीसाठा, त्यातलं दुसरं झाड. वहीत स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, बियाचं गाव आणि अक्षांश-रेखांश, मातृवृक्षाचा घेर, गोळा केल्याची तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, किती पेरलं, किती उगवलं, कधी आणि कुठे लावलं. शास्त्रीय नावं बदलतात. बाभूळ पूर्वी अकेशिया होती, आता वाचेलिया झाली, खैर सेनेगालिया झाला. क्रमांक मात्र कधीच बदलायचा नाही. झाड मेलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. मेल्याची तारीख आणि कारण त्याच ओळीत लिहायचं. दहा वर्षांनी सगळ्यात उपयोगी रकाना हाच ठरतो.

जागा मोबाईलच्या जीपीएसवर नोंदवू नका, तो तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि तुमचं अंतर आहे सात मीटर. आवारात दोन पक्के दगड रोवा आणि प्रत्येक झाडाचं दोन्ही दगडांपासूनचं अंतर टेपने मोजून लिहा. वर्षातून एकदा, जानेवारीत, घेर 1.37 मीटर उंचीवर मोजा आणि तिथे रंगाचा बारीक पट्टा ओढा म्हणजे पुढच्या वर्षी टेप त्याच जागी बसेल. दर पंधरा दिवसांनी पालवी, कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ यांना शून्य ते चार गुण द्या. नववीच्या मुलांना हे काम उत्तम जमतं. सीझनवॉच या देशभरच्या उपक्रमातही अशी निरीक्षणं पाठवता येतात, पण तुमची कागदी वही स्वतंत्र ठेवा आणि दरवर्षी तिची एक झेरॉक्स दुसऱ्या इमारतीत.

पाट्यांबद्दल विचारलंत. फ्लेक्स आणि क्यूआर कोडचे स्टिकर आपल्या उन्हात दोन वर्षांत पांढरे पडतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पंचने ठोकलेला क्रमांक टिकतो. पहिली पाच वर्षं पट्टी झाडाला न बांधता शेजारच्या लोखंडी सळीला बांधा. खोडाला गुंडाळलेली तार कोणी सैल करत नाही आणि झाड तिच्यातच आवळलं जातं. वाचायची मोठी पाटी तीन झाडांच्या गटाला एकच पुरे: नाव, शास्त्रीय नाव, फुलण्याचा महिना आणि बी कुठल्या गावच्या झाडाचं ते. ‘औषधी उपयोग’ मोठ्या अक्षरात लिहू नका, साली सोलल्या जातात.